पहिली बादली आगीची

सकाळच्या पाळीची बस मला पिंपळे सौदागरहून पावणेसहाला उचलते. बसमध्ये मला झोप लागत नाही आणि मी धड जागीही नसते. या दोन्हींच्या मधल्या कुठल्यातरी जागेतून मी भोसरी आणि मोशी पार करते. चाकणच्या अलीकडे ट्रकांच्या रांगेत बस अडकली की डोळे आपोआप उघडतात आणि दूरवर आमच्या कारखान्याची वाफ दिसते. धूर नव्हे, वाफ. धूर धुरांड्यातून जातो आणि उजाडेपर्यंत दिसतही नाही. वाफ कागदाच्या मशीनच्या छपरावरून निघते, पांढरी आणि जाड, थोडी वर चढते आणि नाहीशी होते. ती नेमकी कुठे नाहीशी होते ते आज बघायचंच, असं मी रोज ठरवते आणि तेवढ्यात बस सुटते.

आमचा कारखाना तपकिरी कागद करतो. गाड्यांचे सुटे भाग ज्या खोक्यांतून जातात ती खोकी जुनी झाली की आमच्याकडे येतात, पाण्यात भिजून त्यांचा लगदा होतो आणि त्याच लगद्याचा पुन्हा खोक्यांचा कागद होतो. ओला कागद वाळवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर आणि बॉयलरला कोळसा. या सगळ्याच्या नोंदी मी ठेवते. पाणी किती, वीज किती, कोळसा किती, कागद किती. माझे वडील लातूरकडून पिंपरीत कंपनीत लागायला आले होते आणि आपल्या मुलीने थंडगार केबिनमध्ये बसावं अशी त्यांची फार इच्छा होती. माझं टेबल बॉयलरहाऊसच्या भिंतीला लागून आहे. डिसेंबरात मी कारखान्यातली सर्वांत सुखी बाई असते आणि एप्रिलमध्ये माझ्या वाटेला कुणी जात नाही.

भिंतीपलीकडे काका असायचे. ते बॉयलरचे मुख्य माणूस, तीस वर्षं आगीसमोर उभे राहिलेले. आमच्या कारखान्याच्या मागेच त्यांचं गाव. त्यांच्या वडिलांच्या काळात घरची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली आणि आता तिथे एकाशेजारी एक गोदामं आहेत. काकांना त्याचं काही वाटत होतं की नाही, ते मला कधी कळलं नाही. जेवणाच्या सुट्टीत ते एखाद्या गोदामाच्या पत्र्याकडे बोट दाखवून "हितं हरभरा लई भारी यायचा" एवढं म्हणत आणि भाकरी मोडत. मला ते पोरी म्हणायचे, चिडले की मॅडम म्हणायचे.

काका आगीचा रंग बघून सांगायचे की हवा जास्त झाली की कमी. मी दाराच्या छोट्या काचेतून बघायचे तेव्हा मला फक्त एक मोठी, शांत, नारिंगी खोली दिसायची. तिच्यात कुणीतरी राहत असावं असं वाटायचं. दुपारी मशीन लयीत चालू असलं, भिंत ऊबदार झाली आणि हवेत ओल्या कागदाचा गोडसर वास भरला की मी त्या काचेसमोर किती वेळ उभी आहे हे माझं मलाच समजत नसे. "झोपलीस का काय उभ्यानं?" काका म्हणायचे. मी हो म्हणायचे. त्यात खोटं काही नव्हतं.

कोळसा यार्डातून लोडरने यायचा. लोडर म्हणजे पुढे मोठी लोखंडी बादली असलेली गाडी. तो चालवणारा मनुष्य बीडकडचा, बोलायला काटकसरी. तो बादली भरून आणून वरच्या पेटीत रिकामी करायचा आणि काका भिंतीवर खडूने रेघ ओढायचे. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. पाळी संपली की रेघा मोजून मी रजिस्टरमध्ये चढवायचे. फक्त एक गोष्ट होती. पाळीची पहिली बादली पेटीत पडली की काका हात कपाळाला लावायचे, "लाभ" म्हणायचे, आणि रेघ ओढायचे नाहीत. रेघा दुसऱ्या बादलीपासून सुरू व्हायच्या.

मी नवीन होते तेव्हा एकदा हटकलं होतं. "काका, एक राहिली."

"ती आगीची. ती मोजायची न्हाई."

खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणायची पद्धत मी आजोळी ऐकली होती. पण ते माप मोजणीत धरतात. काकांच्या घरात ते धरत नसत. पहिली पायली वेगळ्या पाटीत जायची, पाखरांची आणि दारी येणाऱ्याची म्हणून, आणि घरात पुन्हा तिचा हिशेब कुणी विचारायचं नाही. खळं गेलं, तेव्हा काकांनी ती रीत बॉयलरवर आणली. इथे खाणारी आग होती, म्हणून पहिला घास तिचा. दुसऱ्या दोन पाळ्यांच्या लोकांनाही त्यांनी तसंच शिकवलं होतं. मला ते इतकं आवडलं की मी पुन्हा विचारलं नाही. वर्षाच्या शेवटी यार्डातला कोळसा मोजला जायचा, रजिस्टरपेक्षा तो बराच कमी भरायचा, आणि त्या फरकापुढे मी सुवाच्य अक्षरात लिहायचे: घट, ओल आणि वारा यामुळे. खाली माझी सही. सगळ्या कारखान्यांत घट येते, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. वारा आमचा कोळसा उचलून डोंगरापलीकडे नेतोय, असं चित्र मला सही करताना दिसायचंसुद्धा.

मग एक दिवस साहेबांनी आम्हाला बोलावून सांगितलं की सरकारच्या यादीत आपलं नाव आलंय. साहेब म्हणजे कारखान्याचे व्यवस्थापक, माणूस वाईट नाही, पण आकड्यावर त्यांचा देवासारखा विश्वास. एक टन कागदामागे आपण हवेत किती कार्बन सोडतो ते आता सरकार बघणार होतं. एक जुनं वर्ष आधार म्हणून धरलेलं, त्या वर्षीच्या आमच्या आकड्यापेक्षा दरवर्षी थोडं खाली उतरायचं. ठरल्यापेक्षा जास्त खाली गेलो तर प्रमाणपत्रं मिळणार आणि ती बाजारात विकता येणार. खाली नाही गेलो तर दुसऱ्या कुणाची तरी विकत घ्यायची.

काकांनी सगळं शांतपणे ऐकलं. बाहेर आल्यावर मला विचारलं, "म्हंजी जो धूर आपण सोडलाच न्हाई, तो इकायचा?"

"हो."

"आन् घेनारा त्याचं काय करनार?"

"तेवढा धूर तो सोडणार."

काका खूप वेळ हसले. मला मात्र त्या दिवसापासून एक खूळ लागलं. न झालेला धूर कुठे असेल, हा विचार बसमध्ये यायला लागला. वाकडच्या उंच इमारतींच्या वर, मोशीच्या मोकळ्या माळावर, कुठेतरी तो जमा होत असणार. न जळलेल्या कोळशाचा, न तापलेल्या पाण्याचा, काहीच वास नसलेला धूर. त्याच्याखालून आपली बस चाललीय आणि कुणाला खोकला येत नाहीये. अर्ध्या झोपेत ते फार सुंदर वाटायचं. पूर्ण जागी झाले की माझी मलाच लाज वाटायची.

हसून झाल्यावर काका कामाला लागले. तीस वर्षं तेच काम केलेल्या माणसाला एवढा उत्साह चढलेला मी पाहिला नव्हता. वाफेच्या नळ्यांवरचं ऊब धरणारं फाटकं आवरण त्यांनी बदलून घेतलं. गळणारे व्हॉल्व्ह कान लावून शोधले. मशीनमधून निघणारं गरम पाणी पूर्वी गटारात जायचं, ते पुन्हा बॉयलरला आणायची लाइन त्यांनी साहेबांच्या मागे लागून टाकून घेतली. "बग, किती शांत जळतीय," ते मला काचेसमोर उभं करून सांगायचे. निवृत्तीला त्यांची दोनच वर्षं उरली होती. जाताना आग सुधारून ठेवायची एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं.

त्याच सुमाराला सरकारी नियमाप्रमाणे, पेटीतला कोळसा आगीकडे नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर वजनाचा काटा बसला. खडूच्या रेघा बंद झाल्या. पट्ट्यावरून जाणारा प्रत्येक खडा आता स्क्रीनवर चढायचा. काकांनी लाभ म्हणणं सोडलं नाही, पण काट्याला लाभ कळत नाही, त्याने ती बादलीही मोजली.

वर्षाचा आकडा मीच काढला. पहिल्यांदा वाटलं आपलं चुकलं. पुन्हा काढला. टनामागचा कार्बन आधारवर्षापेक्षा खाली उतरायच्या ऐवजी किंचित वर गेला होता.

दुपारच्या बैठकीत साहेबांनी तो आकडा सगळ्यांसमोर वाचला. नळ्या बदलल्या, पाणी परत आणलं, तरी कोळसा जास्त कसा, असं त्यांनी विचारलं. साहेबांनी आवाज खाली आणला, आणि तेच वाईट झालं. "काका, वय सगळ्यांचंच होतं. आगीचा अंदाज चुकत असेल आता. महिनाअखेर मी बॉयलरला दुसरा माणूस बघतो, तुम्ही यार्ड सांभाळा." काकांनी मान हलवली. त्या क्षणी मला लख्ख समजलं. आधारवर्षात दिवसाला तीन बादल्या जळल्या आणि मोजल्या गेल्या नाहीत. वर्षभराच्या तीन तीन बादल्या मी वाऱ्याच्या नावावर घातल्या होत्या. जुना आकडा खोटाच कमी होता. त्याच्याशी तुलना केल्यावर खरी बचतसुद्धा उधळपट्टी दिसत होती.

मी बोलले नाही. का नाही बोलले, याची उत्तरं मी स्वतःला बरीच दिली आहेत. आधी खात्री करू. साहेबांचा मूड बघू. पडताळणी होऊ दे. खरं उत्तर एकच, त्या घटीच्या खाली माझी सही होती आणि तो आकडा माझ्या सहीने सरकारकडे गेला होता. मी घाबरले होते. मी घरी जायचे, जेवायचे, सकाळी बसमध्ये बसायचे, आणि मधल्या त्या धूसर जागेत मला वाटायचं की आज पोहोचेपर्यंत हे आपोआप मिटलेलं असेल.

काका बदलत गेले. ते आता आगीकडे बघून लगेच काही ठरवायचे नाहीत. काचेशी जायचे, मागे यायचे, डोळे पुसायचे, पुन्हा जायचे. कोळसा वाचवायचा म्हणून आग इतकी बारीक ठेवायला लागले की एका दुपारी वाफेचा दाब पडला, कागद ओलाच बाहेर आला आणि मशीनवर फाटला. तासभर सगळं बंद. साहेब आले, नुसते उभे राहिले आणि गेले. काका खुर्चीवर बसले. बॉयलरसमोर काका बसलेत हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"जास्त जाळतुय म्हनत्यात, म्हनून कमी घातला," ते म्हणाले.

तेव्हासुद्धा मी बोलले नाही. मी त्यांना पाणी आणून दिलं.

बैठकीनंतर नवव्या दिवशी आमचे आकडे तपासायला पडताळणीवाली आली. सरकारने मान्यता दिलेल्या संस्थेची, माझ्याहून लहान, पाठीवर लॅपटॉपची पिशवी आणि बुटांवर यार्डातली काळी धूळ. मला वाटलं होतं कुणीतरी वरच्या आवाजात बोलणारं येईल. ती हळू बोलायची आणि ऐकताना पापणी हलवायची नाही. तिने आधारवर्षाचं रजिस्टर उघडलं, घटीच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ताई, एवढा वारा असतो का हो इथे?"

ती थट्टा करत नव्हती. तिला खरंच माहिती हवी होती. मी म्हणाले, "नाही," आणि नंतर सगळं सांगून टाकलं. खळं, लाभ, तीन पाळ्या, माझी सही. सांगताना माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. तिने लिहून घेतलं. नंतर म्हणाली, "गोष्ट छान आहे, पण मला पुरावा लागेल."

आम्ही बॉयलरहाऊसमध्ये गेलो. तिने काकांना नमस्कार केला आणि विचारलं की त्या वर्षी किती वेळा पहिली बादली मोजायची राहिली.

काकांना वाटलं ही आता चौकशी. ते ताठ उभे राहिले. "राहिली न्हाई. सोडली. रोजच्या तीन पाळ्या, तिन्हींची पहिली."

"एखाद्या दिवशी मोजलीही असेल ना?"

"न्हाई. आमी असलं कदी चुकवत न्हाई. मी सुट्टीवर असलो तरी बाकीचे चुकवत न्हाईत, सांगून ठिवलंया."

लोडरवाला तिथेच होता. त्याला बादलीमागे पैसे मिळायचे, म्हणून तो स्वतःच्या वहीत प्रत्येक खेप लिहायचा, आणि काटकसरी माणूस असल्यामुळे त्याने जुन्या वह्याही जपल्या होत्या. ती त्याच्यासोबत यार्डातल्या खोलीत गेली. दोन तासांनी परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं होतं. त्याची वही आणि माझं रजिस्टर, दोन्हींत प्रत्येक पाळीला बरोबर एका बादलीचा फरक होता. कमी नाही, जास्त नाही, एकाही पाळीचा अपवाद नाही. "अशी चूक मी अजून पाहिली नव्हती," ती म्हणाली. "इतकी नियमित आहे की दुरुस्त करता येईल." तिने तीन तीन बादल्या जुन्या वर्षात परत घातल्या आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. जुना आकडा वर चढला होता. आमचा या वर्षीचा आकडा त्याच्या खाली होता, चांगलाच खाली.

पुढचं तिच्या हातात नव्हतं, हे तिने लगेच स्पष्ट केलं. आधारवर्षाचा आकडा बदलायचा की नाही ते सरकार ठरवणार, ती फक्त अहवालात लिहिणार. या वर्षी आम्हाला प्रमाणपत्रं विकत घ्यावी लागतील असंच दिसत होतं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, कोळसा खरंच कमी जळलाय ना, हे तिला दोनदा विचारलं, आणि काका बॉयलरवरच राहतील असं म्हणाले. नंतर माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हाला मेमो द्यावा लागेल." मी मान हलवली. मेमोचं मला काही वाटलं नाही. उलट इतकं हलकं वाटत होतं की बॉयलरहाऊसचं दार मी जवळजवळ पळत गाठलं.

काका काचेसमोर होते. मी त्यांना एका दमात सगळं सांगितलं. आग तुमचीच बरोबर होती, काका. कमीच जाळलंत तुम्ही. जुना आकडा चुकलेला होता. तुम्ही बॉयलरवरच राहणार. मला वाटलं ते हसतील.

ते हसले नाहीत. त्यांनी शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्याचा केसपेपर होता, नेत्रविभागाचा, मागच्या गुरुवारचा. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून रांगेत बसून त्यांनी डोळे तपासून घेतले होते.

"डाक्टर म्हनला, डोळं चांगलं हायेत," काका म्हणाले. "मी म्हनलं, ह्याला काय कळतंय."

मी कागद परत दिला.

"तुला कदी कळलं हे?"

मला खोटं बोलता आलं असतं. आज कळलं, पडताळणीवालीने शोधलं, असं म्हणता आलं असतं आणि त्यांनी ते मानलंही असतं. "त्याच दिवशी," मी म्हणाले. "साहेबांनी आकडा वाचला तेव्हाच."

भिंतीपलीकडे मशीन लयीत चालू होतं. काकांनी कागदाच्या घड्या पुन्हा तशाच घातल्या, अगदी जुन्या खुणांवर.

"नऊ दिस," ते म्हणाले. "नऊ दिस मी लोडरवाल्याला इचारत व्हतो, बाबा, आग बरी दिसती का."